चुडामण नानांची एक निंदा

गुण अंगी असणे हे पुष्कळसे दैवाधीन आहे. उंची, बळ, गळ्यातला सूर, हातातले कौशल्य ही जन्मासोबत येतात किंवा येत नाहीत. परंतु दुसऱ्याच्या अंगचा गुण पाहून मनापासून सुखावणे ही मिळकत प्रत्येकाच्या आवाक्यातली आहे, आणि आश्चर्य असे की तीच फार थोड्यांजवळ आढळते. या वृत्तीला आपल्याकडे गुणग्राहकता म्हणतात. ती वाटते तितकी निर्धोक नाही. ज्याच्या गुणावर आपण वर्षानुवर्षे लोभ केला, तो माणूस हळूहळू आपल्या मालकीचा वाटू लागतो; आणि जे मालकीचे वाटते ते हातून सुटत नाही. चुडामण नाना या वृत्तीचे मूर्तिमंत उदाहरण होते. त्या वृत्तीला एकदा त्यांच्याच हातून डाग लागला, आणि तो त्यांनी स्वतःच धुऊन काढला. त्याची ही हकिगत.

भुसावळजवळच्या दीपनगर वसाहतीत नाना वीजकेंद्राच्या कोळसा विभागात नोकरीला होते. वसाहतीच्या दवाखान्यामागे बास्केटबॉलचे सिमेंटचे मैदान होते आणि मैदानाच्या कडेला, केंद्राच्या उभारणीतून उरलेला एक प्रचंड लोखंडी नळ आडवा पडून होता. तेच तिथले प्रेक्षागार. पाळी सुटली की नाना आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, देवदर्शनाला निघाल्यासारखे त्या नळावर येऊन बसत. स्वतः त्यांनी आयुष्यात चेंडूला हात लावला नव्हता. परंतु नळावर नवा माणूस आला की ते त्याला मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूचा गुण क्रमाने सांगत. कुणाचा नेम, कुणाची चपळाई, कुणाचा नुसता शांत स्वभाव. नळावरचा एक नियम त्यांनीच घालून दिला होता. इथे बसून कुणाची उणीव बोलायची नाही. उणिवा सांगायला प्रशिक्षक आहेत, त्यांना त्याचा पगार मिळतो. कुणाचा चेंडू जाळीच्या कड्याला लागून बाहेर गेला, तर नाना म्हणत, "दिशा बरोबर होती त्याची." विरुद्ध संघाने सुंदर बास्केट केली तर टाळी पहिली त्यांचीच पडे.

"नाना, तुम्ही नेमके कोणत्या संघाचे?" हस्तीमल विचारत. भुसावळात त्यांचे कापडाचे दुकान होते. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी गल्ला मुलाच्या, निर्मलकुमारच्या हाती सोपवून ते स्कूटरवरून सहा मैल येत, आणि त्यापायी घरी बायकोची, सायरबाईंची, बोलणी खात.

"ज्याचा चेंडू आत जाईल त्याचा," नाना म्हणत.

हे सांगणे पूर्ण खरे नव्हते. नानांचे हृदय एका खेळाडूपाशी गुंतले होते. जामनेर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातला भिकन तीन वर्षांपूर्वी वीजकेंद्रात रोजंदारीवर लागला होता. आधीची दोन अपत्ये दगावली म्हणून कुंदाबाईंनी, त्याच्या आईने, त्याचे नाव असे दीन ठेवले. देह मात्र सहा फूट चार इंचांचा निघाला. उंच माणसे पुष्कळ असतात. भिकनचे वैशिष्ट्य असे, की कड्यावरून परतणारा चेंडू कुठे पडेल हे तो इतरांच्या आधी ओळखत असे. तो उडी घेई, चेंडू वरच्या वर झेली आणि स्वतः नेम न साधता मोकळ्या उभ्या असलेल्या जोडीदाराला देई. टाळ्या त्या जोडीदाराला पडत. "याले म्हणतात दान," नाना पुटपुटत, आणि त्यांचे डोळे भरून येत.

१९८७ सालच्या हिवाळ्यात नळावर एक वदंता पसरली. मुंबईच्या एका बँकेचा संघ भिकनला कायमच्या नोकरीवर घेणार, अशी ती वदंता होती.

"लिहून ठेवा नाना, संक्रांतीच्या आधी भिकन मुंबईला," हस्तीमल म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"माझा साडू म्हणतो. त्याच्या इमारतीत त्या बँकेचा खेळाडू राहतो."

"तुझा साडू मागच्या साली आपले प्रशिक्षक नाशिकला चालले म्हणत होता. ते बघ, समोर शिट्टी फुंकू राहिले."

"बरं, न्यायचा तर न्या. पण त्यांचा तो डावऱ्या हाताचा पोरगा आपल्याला द्या म्हणावं बदल्यात."

"भिकन काय लुगडं आहे का, रंग आवडला नाही म्हणून बदलून द्यायले?"

नळाच्या टोकाला दवाखान्यातल्या परिचारिका पुष्पाबाई बसत. त्या क्वचित बोलत, त्या दिवशी म्हणाल्या, "तो गेला तर आपलं काय होईल, हे तुम्ही दोघे बोलताय. त्याचं काय होईल ते कुणीच बोलत नाही."

जानेवारीत वीजकेंद्रांच्या संघांची स्पर्धा प्रथमच दीपनगरला भरणार होती. लागोपाठ तीन वर्षे अंतिम सामन्यात हरलेल्या आपल्या संघाने या मैदानावर जिंकावे, ही नानांची एकुलती एक आकांक्षा होती. आणि भिकनवाचून ते अशक्य होते.

अशा मनःस्थितीत, मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी, नळावर एक परका माणूस येऊन बसला. पांढरे धोतर, काळा कोट, हातात पिशवी. त्याने संपूर्ण सराव डोळे न हलवता पाहिला, आणि पाहिले ते फक्त भिकनला. हस्तीमलांनी नानांना कोपर मारले. "मुंबईवाल्यांचा माणूस. ओळखू येऊ नये म्हणून धोतर नेसवलंय."

थोड्या वेळाने तो गृहस्थ सहज विचारावे तसे म्हणाला, "हा उंच पोरगा कसा आहे? पायांनी धड आहे ना? दमबिम लागत नाही? स्वभाव कसा? पुढे टिकेल का?"

पंधरा वर्षे त्या नळावर बसून ज्या माणसाने कुणाच्या अपयशी नेमातही दिशा शोधली, तो माणूस त्या क्षणी म्हणाला, "दिसतो तसा नाही तो. उजवा गुडघा गेलेला आहे. हिवाळ्यात छाती भरते. रागीटही फार आहे. दोन वर्षांत खाली बसेल."

हस्तीमलांनी गंभीरपणे मान डोलावली. गृहस्थाने आभार मानले, पिशवी उचलली आणि भुसावळचा रस्ता धरला. "गेला साडूचा मुंबईवाला!" म्हणून हस्तीमल पोटभर हसले. नाना हसले नाहीत. त्या दिवशी सराव संपण्याआधीच ते घरी गेले.

आठवड्याने उलगडा झाला. भिकन सरावाला उशिरा आला आणि बूट न घालताच नळापाशी येऊन उभा राहिला. त्याचे लग्न जुळत आले होते. मुलगी दोंडाईचाची, नाव लता. तिथल्या बालवाडीत शिकवत असे. दोघांनी एकमेकांना पाहिले होते आणि दोघे एकमेकांच्या मनात भरले होते. बोलणी पक्की करण्याआधी मुलीचा बाप, आमच्याकडे पुष्कळ जण करतात तसा, कुणाला न कळवता मुलाची चौकशी करून गेला होता; सख्ख्या नातलगांपेक्षा रोज पाहणारी परकी माणसे खरे सांगतात, या विश्वासाने. आता तिकडून नकार आला होता.

"नाना, माझ्या गुडघ्यात खोट आहे, मला दमा आहे, असं इथल्याच माणसांनी सांगितलं म्हणे. इथे असं कोण बोललं असेल?"

हस्तीमल स्कूटरची किल्ली शोधू लागले. नाना उभे राहिले.

"मी बोललो, भिकन."

भिकनला ते प्रथम खरेच वाटले नाही. मग नानांनी सारे सांगितले. मुंबईच्या माणसाचा संशय, स्पर्धा, आपला लोभ. स्वतःला सोडवून घेणारा एकही शब्द त्यांनी वापरला नाही. भिकनने खिशातून एक घडी घातलेले पत्र काढले आणि नळावर ठेवले.

"बँकेचं बोलावणं दिवाळीतच आलं होतं. चाचणी बरोबर स्पर्धेच्या दिवशी. तुमच्या स्पर्धेसाठी मी नाही म्हणून लिहिणार होतो. तुम्ही मला नुसतं विचारलं असतं, नाना."

एवढे बोलून तो मैदानावर गेला नाही, घरी गेला.

पत्र पुष्पाबाईंनी उचलून नानांच्या हातात दिले. "उत्तराची मुदत अजून आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी नानांनी पाळी बदलून घेतली आणि पहाटेच्या सुरत पॅसेंजरने ते दोंडाईचाला निघाले. फलाटावर पाहतात तो हस्तीमल डबा घेऊन उभे.

"तू कशाला?"

"मान मी पण डोलावली होती ना. आणि तुम्हाला गोड बोलता येत नाही."

"गोड बोलायले चाललो नाही मी."

"म्हणूनच तर येतोय."

दोंडाईचाच्या स्टेशनबाहेर दूरवर लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या. पुना आबा, म्हणजे लताचे वडील, आपल्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या खळ्यावर, मजुरांसोबत मिरच्या चाळत होते. त्यांनी पाहुण्यांना लगेच ओळखले. हस्तीमलांना शिंकांमागून शिंका सुरू झाल्या आणि योजून आणलेले गोड भाषण तिथेच राहिले.

"तुम्ही तर त्या नळवर बठेल व्हतात तेच ना?" पुना आबांनी विचारले.

"तोच मी. त्या दिवशी जे सांगितलं त्यातला एक शब्द खरा नाही. पोराचा गुडघा धड आहे, छाती धड आहे. तीन वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नाही."

पुना आबांनी चाळण खाली ठेवली. "त्या दिन सांगं ते खोटं. मंग आज सांगतस ते खरं, हाई कसावरून?"

प्रश्न रास्त होता. नानांनी थोडा विचार केला आणि खिशातले पत्र काढून त्यांच्यापुढे धरले. "त्या दिवशी मी खोटं बोललो ते तो आमच्याकडे राहावा म्हणून. आज खरं बोलतो, त्याने तो जाईल. हे मुंबईचं बोलावणं आहे. त्याने चाचणी द्यावी, कायमची नोकरी घ्यावी. तुम्हाला हमी माझ्या शब्दाची नको असेल तर या कागदाची घ्या. ज्यांना लंगडा खेळाडू चालत नाही, त्यांनीच बोलावलंय त्याला."

पुना आबा पत्राकडे बघत राहिले. पथारीलगतच्या खोलीतून लताची आई, मंजुळाबाई, पाण्याचे तांबे घेऊन आली होती. तिने ते सारे ऐकले होते. तीच प्रथम हसली. मग पुना आबा म्हणाले, "खोटं बोलाले तुम्ही जागावरथीन उठनात नही, आनि खरं बोलाले इतला दूर उनात. बठा. जेवाले थांबा."

"भाजी तिखट असेल का?" शिंका आवरत हस्तीमलांनी विचारले, आणि पथारीवरच्या मजूर बायासुद्धा हसल्या.

परत आल्यावर नाना भिकनच्या खोलीवर गेले. त्यांनी क्षमा मागितली आणि एकच गोष्ट सांगितली: बँकेला होकार कळव. भिकन म्हणाला, "आणि स्पर्धा?" नाना म्हणाले, "ती खेळायले संघातले बाकीचे अकरा जण आहेत. चाचणी द्यायले तू एकटा आहेस."

जानेवारीत भिकन मुंबईला गेला. त्याला निरोप द्यायला नळावरची सगळी माणसे भुसावळ स्टेशनवर आली होती. पुष्पाबाईंनी गुडघ्याला बांधायचा पट्टा दिला आणि म्हणाल्या, "गुडघा धड आहे, पण नानांनी दृष्ट लावली आहे." भिकन मोठ्याने हसला. त्या हसण्याने नानांच्या मनावरचा भार उतरला असावा, कारण गाडी हलल्यावर त्यांनी तिथेच फलाटावर सर्वांना चहा पाजला.

स्पर्धेत दीपनगरचा संघ उपांत्य सामन्यातच सहा गुणांनी हरला. नाना शेवटपर्यंत नळावर बसून होते. भिकनच्या जागी उभा राहिलेला निंबा नावाचा बुटका, दणकट मुलगा परतणारे चेंडू झेलताना पुन्हापुन्हा चुकत होता. तरीही शेवटच्या पाच मिनिटांत त्याने तीन चेंडू मिळवले, आणि तिन्ही वेळा नाना नळावरून उठून उभे राहिले. विजयी संघाच्या कप्तानाचे त्यांनी खाली उतरून अभिनंदन केले.

भिकनची निवड झाली. वैशाखात दोंडाईचाला लग्न लागले. वधूपक्षाने नानांना पंगतीत मुद्दाम पुढे बसवले आणि प्रत्येक वाढप्याने वाकून विचारले, "नाना, नवरदेवाचा गुडघा कसा आहे?" त्यांनी प्रत्येकाला तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले, "उत्तम आहे."

यानंतर नाना नऊ वर्षे जगले. नळावर वदंता पुढेही येतच राहिल्या. कुणाला नाशिकचे बोलावणे, कुणाला पुण्याचे. वाद होत, हस्तीमलांचा साडू अधूनमधून चुकीच्या बातम्या पुरवी. परंतु बोलावण्याची बातमी खरी ठरली की नाना स्वतः त्या खेळाडूच्या घरी जात, त्याला अर्ज लिहायला बसवत आणि त्याच्या आईवडिलांना समजावत. संघ दर दोन वर्षांनी नव्याने बांधावा लागे. अंतिम सामना दीपनगरने नानांच्या हयातीत जिंकला नाही. त्याबद्दल त्यांना विचारले, तर ते समोरच्या मैदानाकडे बघून नव्या मुलांचे गुण सांगू लागत.

१९९७ च्या फाल्गुनात, निवृत्तीनंतर वर्षभरातच, अल्पशा आजाराने ते गेले. तेव्हापर्यंत त्या मैदानावरचे सात खेळाडू बाहेरगावी कायमच्या नोकरीला लागले होते. त्यांतल्या एकालाही दीपनगरने अडवले नाही.