बादशाहभाईंची घोडी आणि भाल्यांची भिंत

इंदापूर तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांची अब्रू बादशाहभाई मुलाणींच्या पोटात आहे, असं म्हटलं तर कुणाला राग यायचं कारण नाही. आज साठीला टेकलेली, चार माणसांत शहाणपण सांगणारी ही मंडळी परण्याच्या मिरवणुकीत घोडीवर बसताना कशी लटलट कापत होती, ते बादशाहभाईंनी जवळून पाहिलंय. काटेवाडीचा एक नावाजलेला पैलवान तर घोडी नुसती शिंकली म्हणून खाली उतरला आणि बाशिंग सावरत चालतच मांडवात गेला! पण नाव विचारा, सांगायचे नाहीत. "बाशिंगाखालच्या मानसाची चेष्टा करू न्हाय," म्हणायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

काय दिवस होते ते! लग्नसराईत दावणीला अकरा जनावरं. कळसपासून कन्हेरीपर्यंत एक तिथ मोकळी जायची नाही. हलगी कडाडली की घोडी पुढचे पाय उचलून नाचायची, हलगी थांबली की जागच्या जागी उभी. ही शिकवण बादशाहभाईंच्या बापाची. त्यानं उभी हयात घोड्यांत घालवली आणि जाताना पोराला जमीनजुमला नाही, घोड्याची अक्कल तेवढी देऊन गेला. पुढं नवरदेव गाडीच्या टपातून डोकं बाहेर काढून यायला लागले, हलगीच्या जागी छाती हादरवणारा डीजे आला, आणि दावण एकेक करत रिकामी झाली. शेवटी उरली एक बत्ताशी. पांढरीशुभ्र, बारा वर्षांची. आईच्या पोटात आडली होती तेव्हा बादशाहभाईंनीच तिला स्वतःच्या हातानं ओढून बाहेर काढलं होतं.

मुलगा मुबीन बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. मागल्या वर्षी म्हातारा तबेल्यात घसरून पडला आणि तासभर कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून मुबीननं एकच धोशा लावला. बारामतीत फ्लॅट घेतलाय, दोघं तिकडं चला. बादशाहभाईंची बायको फरिदाचाची तर कधीच्या तयार, नातवंडं तिकडं होती. प्रश्न एकट्या बत्ताशीचा. दुसऱ्या मजल्यावर घोडी कोण चढू देणार? तिला देऊन टाकायची, असं मुबीनचं म्हणणं. त्या दिवशी म्हातारा जेवला नाही.

अशात कळसच्या माळावर शूटिंगवाले आले. टीव्हीवरची मालिका, लढायांची. राज्य कुठलं? कुठलंच नाही. काळ कुठला? तोही नाही. आभाळात दोन चंद्र, एक राणी आणि आग ओकणारं काहीतरी, ते म्हणे नंतर कम्प्युटरवर काढणार होते. पण घोडे खरे पाहिजेत, आणि तेही तीन महिने. बादशाहभाईंनी लेकाला समोर बसवलं आणि सांगितलं, "बत्ताशी हितं कामाला लागली तर मी इंदापुरातच ऱ्हानार, तिच्यापाशी. न्हाय लागली तर गप तुझ्या मागं येनार. मर्दाचा शब्द हाय."

मुबीन म्हणाला, "ठरलं."

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. शंभर माणसं चिलखतं घालून उभी, समोर बारा घोडे, आणि रणवाद्य म्हणून कुणीतरी गावातलाच हलगीवाला आणलेला. त्यानं काडी टेकवायचा अवकाश, बत्ताशीनं कान टवकारले, कंबर लचकवली आणि दोन्ही सैन्यांच्या मधोमध झकास नाचायला लागली! पाठीवर बादशाहभाई, हातात तलवार, अंगात वाघाचं खोटं कातडं. तिला वाटलं, आज नवरदेव जरा म्हाताराच दिसतोय. माळ हसून लोळला. दुसऱ्या दिवसापासून बादशाहभाईंनी तिच्या कानात कापसाचे बोळे घातले, मग ती शहाण्यासारखी चालली.

लढाया बसवणारा यशराज म्हणून पुण्याचा पोरगा होता. पोरगा चांगला, पण घोड्याशी ओळख मोबाईलपुरती. बादशाहभाईंना त्या लढाईचं काही पटत नव्हतं. किल्ल्याला एवढी मजबूत तटबंदी असताना राणीची फौज दार उघडून बाहेर उन्हात कशाला येते? एकाच्याही डोक्याला लोखंडी टोप नाही, का तर चेहरा दिसला पाहिजे. "एवढी फौज, आन एक पखालवाला न्हाय! पानी कोन पाजनार ह्यांना? घोड्यांची वैरन कुठं हाय?" असं ते प्रत्येकाला विचारत सुटायचे. लोक हसायचे. शेवटी मुख्य दिवस उजाडला. समोर भालेवाल्यांची तीन रांगांची भिंत. माणसं कमी पडली म्हणून बापाला डबा घेऊन आलेल्या मुबीनलाही त्यांनी धरून पहिल्या रांगेत उभा केला.

यशराज म्हणाला, "चाचा, घोडे सरळ भाल्यांवर घालायचे. धडक द्यायची आणि भिंत फोडून पलीकडं."

"कोन जानार?"

"घोडे."

"त्यांना इचारलं का?"

यशराजला हसू आलं. बादशाहभाईंना नाही आलं. ते म्हणाले, "आरं बाबा, घोडं येडं न्हाय. माझा बाप म्हनायचा, घोडं भाल्याला भीत न्हाय, हट्टानं उभ्या ऱ्हायलेल्या मानसाला भितं. मानूस पळाला तर ते त्याच्या पाठीवर जाईल, पन न्हाय हलला तर जाग्यावर पाय रोवंल. मग काय करायचं? धा हातावर जायचं, हूल द्यायची, वळायचं. परत जायचं, परत हूल. भाला धरून हात भरून येत्यात, एखाद्याचा पाय मागं सरतो. तितं फट पडली की घोडं आपल्या आपन घुसतं. थांब, दावतो."

आणि दाखवलं. सत्तरीचा माणूस बत्ताशीवर असा बसला की जणू तिथंच जन्मला. पहिली हूल दिली, रांग हलली. दुसरी दिली, तेव्हा मागचे दोघे-तिघे कुजबुजायला लागले. तिसऱ्या खेपेला बत्ताशीच्या टापांनी उडालेली माती तोंडावर आली मात्र, राणीची खास फौज भाले टाकून, चपला सोडून पार बोरीच्या झुडपांपर्यंत पळाली! मुबीन तेवढा जागचा हलला नाही. बत्ताशी कुठं वळणार हे त्याला ती शिंगरू असल्यापासून माहीत होतं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. बादशाहभाईंना वाटलं, आपण जिंकलो. बापाची फार आठवण झाली त्यांना त्या क्षणी. तो असता तर काही बोलला नसता, नुसता घोडीच्या मानेवरनं हात फिरवला असता.

यशराज धावत आला. "चाचा, एक नंबर! खरं असंच होत असणार. पण डायरेक्टर सरांना धडकच पाहिजे. हात भरून येईपर्यंत टीव्हीवर कोण थांबतंय?" मग खाली बघत म्हणाला, "सर म्हणतात, घोडीचे डोळे बांधा. मग जाईल. भाल्यांची टोकं रबराचीच आहेत."

"रबराच्या मागं बांबूच हाय की रं."

"जमत नसेल तर सर म्हणाले, उद्यापासून तुमची घोडी नको."

झालं! शब्द दिलेला, लेक समोर रांगेत उभा. बादशाहभाई बराच वेळ बत्ताशीच्या आयाळीत बोटं घालून उभे राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि स्वतःच्या हातानं तिचे डोळे बांधले. खोटं कशाला सांगायचं, बांधले. घर, तबेला, इंदापूर सगळं त्या एका गाठीत अडकलं होतं.

ते वर बसले. कानात कापूस, डोळ्यांवर पंचा. बत्ताशीला आता जग कळायचं ते फक्त पाठीवरच्या माणसाच्या गुडघ्यांतून. त्यांनी गुडघे दाबले आणि ती निघाली. अडखळली नाही, मान हलवली नाही, फुरफुरली नाही. विहिरीवर पाणी प्यायला निघाल्यासारखी सरळ भाल्यांकडं चालली. बादशाहभाईंना गुडघ्यांखाली तिचं ते सरळ चालणं कळत होतं. ती बिथरली असती तर बरं झालं असतं. वीस हात राहिले असतील, त्यांनी लगाम ओढला, उतरले आणि पंचा सोडला.

"चाचा, काय झालं?" यशराज ओरडला.

"डोळं उघडं असतं तर ही गेली नसती," बादशाहभाई म्हणाले. "ही जाती ती मी म्हनतो म्हनून. मला न्हाय जमायचं. दुसरी बगा."

मुबीन भाला फेकून पळत आला. त्याचे डोळे भरले होते. "अब्बा, जाऊ द्या त्यो शब्द. ऱ्हावा हितंच. घोडी ठिवा, मी परत इषय काढनार न्हाय."

"हारल्यावर फिरवायचा असंल तर मानूस शब्द देतो कशाला?" बादशाहभाई म्हणाले.

भालेवाल्यांत कळसचा बिरदेव होता, मेंढरं राखणारा. तो पुढं आला. "बादशाहभाई, माझ्या परण्याला तुमचीच घोडी हुती. हिला माझ्याकडं द्या. मेंढरांबरं हिंडंल, वझं टाकनार न्हाय तिच्यावर. पोरं बसतील तेवढीच." बादशाहभाईंनी कासरा त्याच्या हातात दिला. मग सांगत सुटले: गार पाणी एकदम पाजू नको, डाव्या मागच्या पायाला हात लावताना आधी नाव घे, आणि रोज गुळाचा खडा. सांगता सांगता त्यांना पुढचं बोलवेना. सत्तर वर्षांचा माणूस, शंभर माणसांसमोर ढसाढसा रडला. कापसाचे बोळे मात्र त्यांनी आठवणीनं काढून घेतले. जाताना तिला बिरदेवचा आवाज ऐकू यायला पाहिजे, म्हणाले.

ते बारामतीला गेले. फ्लॅट चांगला आहे, लिफ्ट आहे, फरिदाचाचींची नातवंडांत गाडी मजेत चाललीये. बादशाहभाई सकाळी लवकर उठतात आणि मग काय करायचं ते सुचत नाही म्हणून गॅलरीत उभे राहतात. सहा महिन्यांनी एका रविवारी संध्याकाळी त्या लढाईचा भाग लागला. घरचे सगळे टीव्हीपुढं बसले. बारा नव्हे, पाचशे घोडे होते, सगळे कम्प्युटरवर केलेले. एका रांगेत, भरधाव, सरळ भाल्यांवर. एकानंही मान वळवली नाही. भाले छातीतून आरपार गेले, घोडे एकावर एक कोसळले, आणि नातवंडांनी टाळ्या पिटल्या.

बादशाहभाई उठून टीव्हीपाशी गेले. चष्मा वर करून काचेला नाक लागेल इतके वाकले आणि पडलेला एकेक पांढरा घोडा निरखायला लागले.

"अब्बा, त्ये खरं न्हाईत," मुबीन हळूच म्हणाला.

"व्हय. म्हाईत हाय."

तरी ते बघत राहिले. शेवटचा घोडा पडेपर्यंत बघितलं. मग वळले, तेव्हा गालांवरनं पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"फरिदा," ते म्हणाले, "ह्यात आपली न्हाय."