बाबांचं मार्जिन आणि माझी गाजरं

मला आयुष्यात कसलंही व्यसन लागलेलं नाही. व्यसन सोडल्याबद्दल बक्षीस मात्र मिळालेलं आहे. (कॉफीचा मग आहे. पिवळा. त्यावर दोन फुप्फुसं हसताहेत.)

याला कारण बाबांचं मार्जिन.

बाबा सिंगापूरला जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहेत. तिथे पाइप असो, पंप असो, लागेल त्यापेक्षा थोडा मोठाच बसवतात, म्हणजे उद्या काही कमी-जास्त झालं तर निभावतं. याला ते 'मार्जिन' म्हणतात. प्लांटमध्ये ते ठीकच आहे. पण बाबा ते रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून घरी घेऊन येतात! पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसं तीन आणि राइस कुकर पंगतीचा. हॉलमधला एसी असा, की विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहून आई स्वेटर घालून मालिका बघते. माझा शाळेचा पहिला युनिफॉर्म मला नीट बसायला लागला तेव्हा ती शाळा संपली होती.

बाबांनी सिगारेट सोडली तीसुद्धा मार्जिन ठेवूनच. आई नुसतं "सोडा हो आता" म्हणाली होती. "सोडली" एवढं उत्तर पुरलं असतं. बाबांनी सत्यनारायण घातला. शेवटचं पाकीट सगळ्या पाहुण्यांसमोर कचरा थेट तळमजल्याला पोचवणाऱ्या शूटमध्ये टाकलं. एवढ्यावरही भागेना म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत 'इच्छाशक्ती' या विषयावर भाषण ठोकलं. आरती खोळंबली, मोदक गार झाले, पण दोन काकांनी जागच्या जागी सिगारेट सोडायची शपथ घेतली. तेव्हापासून मंडळातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवतात, "बघा जरा त्यांच्याकडे!"

अडचण एकच होती. बाबांनी सिगारेट सोडलेली नव्हती.

हे मला माहीत होतं, कारण मी फारशी बोलत नाही, आणि न बोलणाऱ्याला सगळं दिसतं. बस सोडायची त्या स्टॉपपासून आमचा ब्लॉक हाकेच्या अंतरावर. बाबांना तेवढं चालायला इतका वेळ लागायचा, की मध्ये एखादा डोंगर असावा. घरात शिरताना तोंडात लवंग.

"घसा," बाबा म्हणायचे.

"किती बोलावं लागतं हो तुम्हाला प्लांटमध्ये!" आई म्हणायची.

त्या वर्षी आई मावशीच्या मुलीच्या लग्नाला महिनाभर पुण्याला गेली. तिला सोडून एअरपोर्टवरून परत येताना बाबांना जो खोकला लागला, तो घर आलं तरी थांबेना. टॅक्सीवाल्यानं स्वतःहून खिडकी उघडली. रात्री जेवताना बाबा अचानक म्हणाले,

"सायली, तू इंग्लिश मीडियमची ना?"

"बाबा, तुम्हीच घातलंत."

"मग एक जरा वाचून सांगशील?"

प्लांटमध्ये बाबांच्या शेजारी बसणारा वोंग जोहोर बारूत राहायचा. सीमेपलीकडे, म्हणजे मलेशियात. त्यानं सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, घेतला होता आणि तो घरी बसून वाफेचे ढग काढायचा. बाबांच्या डोक्यात त्याचे दोनच शब्द बसले होते: नो स्मेल. वास नाही, म्हणजे लवंग नको. लवंग नको, म्हणजे आई परत यायच्या आत खोट्याचं खरं! एखाद्या शनिवारी जोहोरला जायचं आणि घेऊन यायचं.

"पण त्यात म्हणे टँक असतो, कॉइल असते, वॅट असतात," बाबा म्हणाले. "आणि इंटरनेटच्या त्या फोरमवर ही पोरं लिहितात ती इंग्रजी मला येत नाही. आधी डिझाइन, मग खरेदी."

तर मी अभ्यासाला लागले. मी नोव्हेनातल्या एका मेडिकल सेंटरच्या अकाउंट्समध्ये काम करते. लंच अवरमध्ये सगळे खाली जेवायला जातात आणि मी पँट्रीत डबा खाते. (कारण खाली गेलं की बोलावं लागतं.) त्या वेळात मी फोनवर वाचायचे आणि बाबांना कळवायचे. थोड्याच दिवसांत मी अशी तयार झाले, की कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं: आधी टँक ठरवा, मग डिव्हाइस. टँकमध्ये जी कॉइल बसते तिच्यावर तिला किती वॅट चालतात ते छापलेलं असतं. कमी दिले तर ती नुसती गुळण्या करते आणि गळते. जास्त दिले तर आतला कापूस जळतो आणि तोंडात करपलेल्या उशीची चव येते.

"दोनशे वॅटचं घेऊ," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला सिगारेटसारखाच ओढायचाय ना? मग छोटा टँक. त्याला बारा ते पंधरा वॅट."

"मार्जिन नको?"

"मार्जिनमध्ये कापूस जळतोय!"

"मग मोठा टँक घेऊ. डिव्हाइसला साजेसा."

"मोठ्या टँकमधून एवढी वाफ येते की समोरच्या ब्लॉकमधले लोक फायर ब्रिगेडला बोलावतील."

"हं," बाबा विचारात पडले. "एक्झॉस्ट फॅन मोठा बसवला तर?"

हा वाद रोज चालायचा. एका दुपारी मी पँट्रीत दाराकडे पाठ करून शेवटचा निकराचा प्रयत्न केला. "बाबा, निकोटिन स्ट्राँग हवं असेल तर स्मॉल टँक, लो पॉवर, बास! नाहीतर एकदम डायरेक्ट लंग हिट बसेल, मग खोकत बसाल. आणि हो, बर्न्ट टेस्ट आली तर कॉइल बदलायची. मी आता ऑफिसमध्ये आहे, आपलं सिक्रेट आहे ना, ठेवते."

वळले तर मागे मिस लिम कॉफीचा कप धरून उभी. आमच्याच मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत ती लोकांना सिगारेट सोडायला मदत करते. तिला मराठीचा एक शब्दही येत नाही. पण आमच्या घरच्या मराठीत शब्द मराठी असतात कुठे? तिच्या कानावर क्रमानं पडलं ते असं: निकोटिन, स्ट्राँग, लो पॉवर, डायरेक्ट लंग हिट, बर्न्ट टेस्ट, ऑफिस, सिक्रेट.

"ओह, सायली," तिनं कप खाली ठेवला. "सो क्वाएट गर्ल, आणि आत इतकं सगळं!"

"नो, नो. इट्स फॉर माय फादर."

मिस लिम अतिशय प्रेमळ हसली. नंतर मला कळलं, की तिच्याकडे येणारा प्रत्येक माणूस दुसऱ्यासाठीच आलेला असतो.

"ऑफ कोर्स," ती म्हणाली. "चल, तुझ्या फादरबद्दल बोलू. डोन्ट बी शाय, लाह." (इथलं 'लाह' म्हणजे आपलं 'गं'.)

कुणी 'लाजू नकोस' म्हटलं की मला उरलेलंही बोलता येत नाही. मी मुकाट्यानं तिच्या खोलीत गेले. तिनं माझ्यापुढे एक यंत्र धरलं आणि जोरात फुंकायला सांगितलं. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासातला विषारी वायू त्यात दिसतो म्हणे. मी सुटकेच्या आनंदात फुंकलं. काटा हललासुद्धा नाही!

"सी?" मी म्हणाले.

"सिगारेट असती तर दिसलं असतं," मिस लिम मान हलवत म्हणाली. "व्हेपचं यात दिसत नाही."

म्हणजे मला निर्दोष ठरवू शकणारं जगातलं एकमेव यंत्र माझ्याच विरुद्ध गेलं. वर ती आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ते इकडे आणायला बंदी आहे हे तुला ठाऊक आहे ना? जोहोरवरून आणलंस तर चेकपॉइंटवर पकडतील हं."

त्या दिवशी गुरुवार होता. जोहोरला जायचा शनिवार दोन पावलांवर!

मी जिन्यात जाऊन बाबांना फोन केला आणि बंदीचं सांगितलं. सिंगापूरमध्ये पिवळ्या रेषेबाहेर पाऊल न टाकणारा माणूस तो. आईशी खोटं बोलेल, सरकारशी नाही.

"आपण ओहम बघितले," बाबा क्षीण आवाजात म्हणाले, "अँपिअर बघितले, बॅटरी फुटेल का तेही बघितलं. कायदा कुणी बघितलाच नाही?"

"वोंगनं नाही सांगितलं?"

वोंगला बाबांनी त्याच संध्याकाळी प्लांटमधून निघताना विचारलं. तो म्हणाला, "यू आस्क मी ओन्ली वॅट!"

घरी आल्यावर बाबांनी माझ्या फोनमधली हिस्टरी माझ्याकडून पुसून घेतली. मग पुन्हा एकदा पुसून घेतली. (मार्जिन.) नंतर बराच वेळ ते खिडकीपाशी उभे राहून खोकले, आणि म्हणाले, "ती तुझी मिस लिम. सोडायचं कसं, ते सांगते का?"

"तुम्हीच या ना तिच्याकडे."

"मी? आणि मंडळातल्या कुणी बघितलं तर? त्या भाषणानंतर?" बाबांनी खांद्यावर हात ठेवला. "तू जातेच आहेस तर विचारून ये."

मी जातेच आहे! अशी मी दर आठवड्याला बाबांच्या वतीनं व्यसनमुक्त व्हायला जायला लागले. मिस लिम विचारायची, "तुझ्या फादरना तलफ कधी येते?" मी सांगायचे, "बसमधून उतरल्यावर." ती माझ्याकडे इतक्या करुणेनं बघायची, की एकदोनदा मलाच तलफ आल्यासारखं वाटलं.

तिचे उपाय साधे होते. बाबांनी त्यांचं डिझाइन केलं. 'तलफ आली की ग्लासभर पाणी' यातल्या ग्लासाचा त्यांनी पाण्याचा मोठा जग केला, आणि जुरोंगपासून पासिर रिसपर्यंत आख्खं बेट आडवं कापणाऱ्या, मध्ये कुठेही न थांबणाऱ्या बसमध्ये त्याची फळं भोगली. 'थोडं चालून या' म्हटल्यावर ते पासिर रिस पार्कच्या समुद्रापर्यंत जाऊन अंधार पडल्यावर उगवायचे. आणि 'तोंडात गाजराचा तुकडा' यावर त्यांनी वेट मार्केटमधून, म्हणजे इथल्या मंडईतून, पोतं आणलं! फ्रीज उघडला की गाजरं अंगावर यायची.

पण खरं सांगते, खोकला कमी झाला. बसस्टॉप ते घर यांच्यामधला डोंगर नाहीसा झाला. लवंगांची बरणी भरलेली राहायला लागली. पहिल्यांदाच बाबांचं मार्जिन कामाला येत होतं, आणि तेवढ्यात जोशीकाकूंचा गुडघा दुखला.

मंडळातल्या जोशीकाकू फिजिओथेरपीला आमच्याच मजल्यावर आल्या. 'सिगारेट सोडा, आजच!' अशी भली मोठी पाटी असलेल्या दारातून मी बाहेर पडत होते. काकूंनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाटीकडे बघितलं.

"काकू, हे बा—" म्हणेपर्यंत मला आठवलं, की बाबांचं नाव तर घ्यायचंच नाही. मी तोंड मिटलं. यापेक्षा मोठा कबुलीजबाब नसतो.

"मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही हं, बाळा," काकूंनी माझा हात दाबला.

दोन दिवसांत आई दारात! लग्नाचा मांडव परतणं सोडून, हातावरची मेंदी न उतरता. (विमानतळ आमच्यापासून फार जवळ आहे. आवरून पळून जायलाही वेळ मिळत नाही.) तिनं बॅग टेकवली, चपलांसकट आत आली आणि माझे केस हुंगले.

"कधीपासून?"

"आई, मी नाही गं—"

"जोशीकाकूंनी डोळ्यांनी बघितलंय! आमच्या घराण्यात एका मुलीनं—"

"मी बाबांसाठी जात होते!"

"बाबांना मध्ये आणू नकोस! त्या माणसानं सोडून दाखवली, आणि त्याच्या पोटची मुलगी—" आई सोफ्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

मी बाबांकडे बघितलं. ते गाजर तोंडात धरून उभे होते. कुर्रम्. मला वाटलं, गेलं आपलं नाव. आता मंडळात आपण 'ती सिगारेटवाली'. पण बाबांनी गाजर गिळलं आणि ताठ उभे राहिले.

"सुमन, ती नाही ओढत. मी ओढत होतो. सोडलीच नव्हती मी. आत्ता सोडली, या महिन्यात."

मी डोळे मिटले. आता आई पुढच्या विमानानं परत जाणार.

दार आपटलं नाही म्हणून डोळे उघडले. आई बाबांकडे बघत होती; लग्नाच्या अल्बममध्ये बघते ना, तशी.

"किती हो जीव तुमचा पोरीवर!" ती म्हणाली. "स्वतःच्या अंगावर घेताय!"

"अगं खरंच! लवंग कशाला खात होतो मी?"

"घशासाठी."

"ते भाषण खोटं होतं!"

"दोन माणसं सुधारली त्या भाषणानं! खोट्या भाषणानं सुधारतात का कुणी? आणि सत्यनारायणासमोर टाकलेलं पाकीट, तेही खोटं? पुरे झालं हं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, उगीच प्रयत्न करू नका."

बाबांनी चहूबाजूंनी धक्के दिले. ते खोटं जागचं हललं नाही. तीन पिढ्या पुरेल इतकं मजबूत बांधलं होतं त्यांनी!

बाबांची सिगारेट खरोखरच सुटली, ती आजतागायत. यंत्राचा काटा एकदाही न हलल्याबद्दल मिस लिमनं मला तो पिवळा मग दिला आणि म्हणाली, "युअर फादर मस्ट बी सो प्राउड." आई मंडळात सगळ्यांना सांगते, "आमच्या सायलीनं बापाचा निग्रह घेतलाय." बाबा तेव्हा छताकडे बघतात.

माझ्या डब्यात रोज गाजराचे तुकडे असतात. मला गाजर मुळीच आवडत नाही. पण उरलेलं घरी आणलं की आई हळूच जवळ येऊन विचारते, "आज तलफ फार आली होती का गं?" त्यापेक्षा मी सगळं संपवते. सगळं म्हणजे चौघांना पुरेल एवढं.

डबा बाबा भरतात ना!