नववी खोली आणि लग्नाची सीडी

हिंजवडीजवळच्या जांबे गावात रत्नाबाईंच्या चाळीत खोल्या नऊ, पण भाडेकरू कायम आठ. नवव्या खोलीला कुलूप आणि आत एक पत्र्याची पेटी. कोणी जागा विचारली की बाई बेधडक सांगायच्या, "न्हाई ओ, समदं फुल हाय." कंपनीतला एखादा बडा साहेब येईल, तोवर खोली राखून ठेवायची, असा त्यांचा बेत. साहेब काही येत नव्हता आणि पेटी काही भाडं देत नव्हती.

रिहे गाव त्यांचं माहेर, तिथला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बहिरू. त्याच्या रेश्माला हिंजवडीत नोकरी लागली म्हणून तो लेकीसाठी खोली मागायला आला, तेव्हाही बाईंच्या तोंडून सवयीने तेच वाक्य गेलं. रेश्मा रोज एसटीचे धक्के खात येऊ लागली आणि बहिरूने बहिणीचा उंबरा सोडला.

मग बाईंच्या मुलाचं, साहिलचं लग्न निघालं. नवरदेवाच्या मामाला पुकारून पुकारून माइकवाल्याचा घसा बसला. शेवटी लांबचाच एक मामा उभा केला. बहिरू आला तो पंगती उठताना, शूटिंगवाला सामान आवरून गेल्यावर. त्याने भाच्याच्या डोक्यावर हात ठेवला. चाळीत भाड्याने राहणाऱ्या क्षितिजा नावाच्या मुलीने तेवढं आपल्या कॅमेऱ्यात टिपलं.

लग्नाची सीडी आली. ती भावकीत फिरण्याआधी तिच्यात बहिरू दिसायला हवा होता, नाहीतर मामा फिरकलाच नाही म्हणून गावभर झालं असतं. बाई सीडी घेऊन क्षितिजाच्या खोलीत गेल्या. कॉम्प्युटरने सांगितलं, मोकळी जागा शून्य.

बाईंचं डोकं फिरलं. "शूटिंग तर अर्ध्या तासात संपतंय, मंग जागा गेली कुटं? त्ये पुढाऱ्यांचं सत्कार काढ आदी. फेटं बांधण्यातच समदी जागा गेली आसंल."

क्षितिजाने सीडी उजेडात धरली. आतला भाग गडद, बाहेरचा फिका. "काकू, हे गडद आहे तेवढ्यावरच लिहिलंय. बाकीची कोरीच आहे. पण शूटिंगवाल्याने ती बंद करून दिलीय. आता नवीन काही घालता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर शून्य सांगतो. जेवढं भरलंय तेवढंच त्याचं माप."

"म्हंजी रिकामी हाय, पर बंद केलीय म्हणून न्हाई म्हणायचं?"

"हो."

"लबाड हाय की तुजा कॉम्प्युटर."

"लबाड कसला? आत किती रिकामं आहे ते तो सांगतच नाही. तुम्हाला जागा मिळेल का, तेवढंच सांगतो."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षितिजाने जुनं सगळं उतरवून घेतलं, शेवटी बहिरूला जोडलं आणि नवी सीडी करून दिली. पडद्यावरच्या भावाकडे बाईंनी डोळे भरून पाहिलं आणि तिथूनच त्याला फोन लावला.

"बहिरू, येक खोली रिकामी हाय. रेश्माला धाड."

"कोण गेलं?"

आता खोटं बोलायची बाईंना ताकद उरली नव्हती. "कोन न्हाई. पेटी व्हती नुसती."

"तुज्या लग्नातली? मीच आनलेली की ती डोक्यावर, रिह्यावरनं."

बाईंना हुंदका आवरेना.

"ऱ्हाऊ दे मंग तितंच, आक्का," बहिरू म्हणाला. "पोरीला कापडं ठेवाया व्हईल."