नवमीच्या पूजेतले हातमोजे

माझा नवरा भित्रा आहे. हे मी लग्नाच्या चौथ्या दिवशी ओळखलं, अन् तेव्हापासून कोणापासून लपवून ठेवलं नाही. नाव नरहरी. तोंडानं मी घेत नाही, पण सांगताना घ्यावं लागते, नाहीतर ऐकणाऱ्याचा घोळ होते. तर आता तुम्हीच सांगा, बिजलीच्या खांबावर चढायची ज्याची नोकरी, त्या माणसानं घरातला बल्ब बदलायला मेन स्विच पाडायचा, वरून दोनदा टेस्टर लावायचा, अन् मग मले म्हणायचं, "विमल, स्विचपाशी उभी राय, कोणाले हात लावू देऊ नको." मी म्हणायची, "भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस! अवो, बल्ब आहे तो, वाघ नाही." अशा गोष्टींवर ते कधी हसले नाहीत.

भीतीचं कारण मले माहीत होतं. ते तुमसरहून रायपूरले आले तेव्हा हे मध्य प्रदेशच होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांचे उस्ताद शामराव त्यांच्या डोळ्यांसमोर खांबावरच शॉक लागून गेले. तार बंद आहे असं कोणीतरी सांगितलं होतं, ती चालू होती. शामराव पट्ट्यात अडकून तसेच लटकत राहिले अन् खाली हे उभे. एवढंच त्यांनी मले एकदा सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून बाहेर जात.

त्यानंतर त्यांनी एक झोळी केली. म्हणजे शिवली मी, जुन्या ताडपत्रीची, पण कप्पे कुठे, केवढे, ते सगळं त्यांनी खडूनं आखून देलं. हातभर लांब, खांद्याले लटकवायची. पक्कड उजवीकडे, टेस्टर तिच्या मागे, स्क्रू फिरवायचा पेचकस, काळी टेप, दोरीचा गुंडा, टॉर्च, शिट्टी, जळल्याचं मलम, गुळाचे दोन खडे. एका प्लास्टिकच्या पन्नीत चिठ्ठी: नाव, पत्ता, रक्तगट, अन् शेजाऱ्यांचा फोन नंबर. ती चिठ्ठी मले पाहवत नव्हती, म्हणून मी जास्तच चिडवायची. "जत्रेले चालले का हो? तवा-परात राहिली ना!" ते म्हणायचे, "अंधारात डोळे कामी नाही येत, विमल. हात गेला की वस्तू तिथंच भेटली पाहिजे." झोळीतली एक पिन जरी मी हलवली तरी माणूस रात्रभर फणफण करे.

सगळ्यात वर रबराचे हातमोजे. रोज सकाळी चहाच्या आधी हातमोज्यात फुंक मारायची, तोंड गुंडाळून दाबून धरायचं, अन् फुगलेला मोजा गालाशी नेऊन हवा निघते का पाहायचं. केसाएवढं भोक असलं तरी गालाले गार लागते म्हणे. आमची स्नेहल लहानपणी म्हणायची, "पापा गुब्बारा फुला रहे हैं."

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, अन् यांची भीती दुप्पट झाली. शंकर नगरात आमच्या भाड्याच्या घराच्या चहूकडे बंगले, ऑफिसं उठून राहिली होती. जिकडे पाहा तिकडे कूलर, एसी. तारा त्याच जुन्या, खांब तेच, माणसं तेवढीच. रोज कुठं ना कुठं काही जळे. सणवारही सुटेना.

त्या वर्षीची खांडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाटावर लाल वस्त्र, त्यावर झोळीतलं सगळं मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन होईपर्यंत ते कुंकू पुसायचं नाही, हा माझ्या सासूचा नियम. इमर्जन्सी आली तर वस्तू उचला, पण कुंकवासकट. बिजलीवाल्याच्या घरी यापेक्षा जास्त सूट कशी देणार?

मी केळ्याच्या तुकड्यात उदबत्ती खोचली अन् पुरणाचं पाहायले गेली. परत आली तर केळं कलंडलेलं, उदबत्ती डाव्या हातमोज्यावर पडून विझलेली. तळव्याच्या जागी काळा ठिपका. मी राख फुंकली, नखानं खरडलं. ठिपका गेला नाही. मले वाटलं, डाग आहे. खरं सांगू? मले तसं वाटून घ्यायचं होतं. सांगितलं असतं तर सणाच्या दिवशी भाषण, चिडचिड, पुरण तसंच. मी बोट कुंकवात बुडवलं अन् त्या ठिपक्यावर टेकवलं.

दसऱ्याच्या सकाळी जीप आली. भनपुरीत एका कोल्ड स्टोरेजपाशी फॉल्ट. त्यांनी पाटावरून एकेक वस्तू उचलून झोळीत आपल्या जागी ठेवली. हातमोजा तोंडाशी नेला, कुंकू दिसलं, अन् थांबले. फुंकायचं तर गालाले घासून सगळं पुसलं असतं.

"कशाले धक्का नाही ना लागला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जा आता. नवरी आहे का ती, एवढी निरखून पाहायले?"

ते गेले. मी पाट उचलायले घेतला, वस्त्र झटकलं, अन् त्यात मुगाच्या दाण्याएवढं भोक दिसलं. कडा जळलेल्या. नाकाशी नेलं तर रबर जळल्याचा वास. डाव्या हातमोज्याच्या बरोबर खालची जागा. ठिणगी आरपार गेली होती, अन् मी तिच्यावर कुंकू लावून नवऱ्याच्या हातात देली होती.

माय वं! मी धावत शेजारी गेली, कंप्लेंट ऑफिसले फोन लावला. लागेना. पाचव्यांदा लागला तर कोणी म्हणे, "भनपुरी गए हैं दीदी, वहाँ फोन नहीं है." स्नेहल कॉलेजची पोट्टी, नुकतीच स्कूटी शिकलेली, रांगोळी काढून राहिली होती. मी ओरडली, "गाडी काढ!"

"कहाँ जाना है मम्मी?"

"भनपुरी. तुझे बाबा मरतील."

असं तोंडातून निघालं. पोरीनं रांगोळी तशीच टाकली अन् स्कूटी काढली.

रस्ताभर मी तिच्या कमरेले धरून बसली होती अन् बडबडत होती. फाफाडीहच्या पुढं ट्रकच ट्रक, सगळ्यांच्या तोंडावर झेंडूचे हार. प्रत्येक खांब दिसला की मी वर पाहायची. कोणी लटकून तर नाही? "पोरी, जोरात ने." "इससे तेज चलाना नहीं आता मम्मी," ती म्हणे, अन् रडे, अन् चालवे. मी देवाले काय काय बोलली ते सांगत नाही. जन्मभर चिडवलं त्या माणसाले. भित्रा म्हटलं. अन् तो ज्याले भीत होता ते मीच आपल्या हातानं करून ठेवलं.

कोल्ड स्टोरेजच्या भिंतीपाशी जीप दिसली. खांब दिसला. वर माणूस होता. मग खाली पाहिलं तर नरहरी! खांबाच्या बुडाशी दोरी धरून उभे, मान वर. धडधाकट. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथंच हसली. खरंच हसली, रस्त्यात, पदर तोंडाले लावून. स्नेहलले म्हटलं, "आहेत गं, आहेत."

तेवढ्यात त्यांचे हात दिसले. उघडे होते. मी वर पाहिलं. खांबावर अच्युत होता. यांच्याच लाइनवाल्यांच्या गँगमधला, बायको रमासंगं तीन गल्ल्या सोडून राहणारा, दर रविवारी आमच्याकडे पोहे खाणारा. त्याच्या हातात आमचे मोजे. कुंकू खालून दिसत होतं. कोल्ड स्टोरेजची घरघर चालू होती, म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून काम चालू लाइनीवरच होतं.

आता जे सांगते ते मी कधी कोणाले सांगितलं नव्हतं. मी गप राहिली. दोन श्वास असन, जास्त नाही. मनात आलं, काही नाही होणार. उतरन तो आत्ता. बोलली तर सगळ्यांसमोर निघन की मी काय केलं. आपला माणूस खाली आहे ना? मग गप राय. असं मनात आलं, अन् मले माझीच भीती वाटली.

मग मी त्यांच्याजवळ गेली. ओरडता येत नव्हतं. खांबावरच्या माणसाले खालून हाक मारायची नाही, दचकला की हात भलत्या तारेवर जाते, हे मले त्यांनीच शिकवलं होतं. मी कानात म्हटलं, "डावा मोजा जळला आहे. उदबत्तीनं. आरपार. मी केलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. दोरी माझ्या हातात देली, अन् खांबाच्या बुडाशी उभे राहून हळू आवाजात, पोराले झोपवताना बोलावं तसं, वर म्हणाले, "अच्युत, हात छातीशी घे बरं. दोन्ही. काहीच करू नको. मी येतो."

"काय झालं दादा?"

"काही नाही. हात छातीशी."

अन् ते धावले. ट्रान्सफॉर्मर पन्नास-साठ पावलांवर होता, त्याच्या बुडाशी लाइन बंद पाडायचा दांडा. लग्नाले बावीस वर्षं झाली होती, मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. मी दोरी धरून वर पाहत होती. अच्युतनं एक हात छातीशी घेतला. दुसरा, डावा, अजून आडव्या लोखंडावर. तारेपासून वीतभर. "घे ना बापा," मी आतल्या आत म्हणत होती, "घे ना." तो खाली वाकून पाहून राहिला होता, आम्हाला काय झालं म्हणून. तेवढ्यात खट्‌कन आवाज झाला अन् कोल्ड स्टोरेजची सगळी घरघर थांबली.

तिथला मुन्शी बाहेर आला, "लाइन बंद काहे किए? माल खराब होगा!" नरहरींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दांड्याले कुलूप लावलं, किल्ली मुठीत घेतली, अन् अच्युत उतरेपर्यंत मूठ उघडली नाही.

खाली आल्यावर त्यांनी डावा मोजा त्याच्या हातातून काढला, फुंकला, दाबला अन् अच्युतच्या गालाशी धरला. हवा लागली. अच्युतचा हात गालावर गेला. तो जीपच्या चाकाशी बसला, अन् झोळीतला गुळ त्यांनी त्याच्या तोंडात घातला. गँगमध्ये सांगितलं, "मोजा जुना होता, लक्षात नाही आलं माझ्या." माझं नाव घेतलं नाही.

घरी आल्यावर मले वाटलं, आता फुटन हा माणूस. मी सगळं सांगितलं, त्या दोन श्वासांचंही. ते भिंतीले टेकून बसले होते. म्हणाले, "चढायचा नंबर माझा होता, विमल. मोजा फुंकला नव्हता तर मले भरोसा वाटेना. अच्युतले म्हटलं, कंबर दुखून राहिली, तू जा. मोजे मीच देले त्याले." मी त्यांचे हात धरून बसली.

संध्याकाळी अच्युत सोनं द्यायले आला. नवा शर्ट, हातात आपट्याची पानं. वाकून माझ्या पायाले हात लावला. "वहिनी, आज तुम्ही धावत आल्या म्हणून मी आहो. आमची रमा म्हणे, देवीच आली."

माझ्यानं ते ऐकवलं नाही. "अच्युतभाऊ, मी तुमच्यासाठी नाही धावली," मी म्हटलं. "मोजा मीच जाळला होता, अन् लपवला होता. तिथं आली, खाली हे दिसले, अन् मले आनंद झाला. वर तुम्ही आहा हे दिसल्यावरही मी आधी गप राहिली."

"अन् कंबर दुखत नव्हती माझी," हे म्हणाले. "भ्यालो होतो."

अच्युत हातातल्या पानांकडे पाहत राहिला. मले वाटलं, आता ही पानं फेकून जाते हा. त्यानं दोन पानं यांच्या हातात देली, दोन माझ्या.

"खाली मी असतो अन् वर दादा, तर आमच्या रमालेही आनंदच झाला असता वहिनी," तो म्हणाला. "पण तिले यातलं काही सांगू नका. उद्या सकाळी तिले मले ड्यूटीवर पाठवायचं आहे."