चेंडू दिसेपर्यंत

सुरतच्या आमच्या शाळेत बेसबॉल होता. खेळाचे सर सांगायचे, "चेंडू दिसून मेंदूनं हाताला कळवेपर्यंत उशीर झालेला असतो. फेकणाऱ्याचा हात बघा आणि आधीच बॅट फिरवायला लागा." मला ते थोतांड वाटायचं. मी चेंडू नीट बघूनच बॅट फिरवायचो आणि दरवेळी चुकायचो.

त्याच वर्षी कडोदऱ्याच्या कारखान्यात मागावर सूत घेऊन धावणारा लाकडी धोटा सुटला आणि वडिलांच्या डाव्या डोळ्यावर बसला. दवाखान्यात मी त्यांच्यावरच चिडलो. बाजूला व्हायला काय झालं होतं, असं विचारलं.

ते घरच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "दिखना तवय लागी जायेल व्हता." धोटा दिसला तेव्हा लागूनही गेला होता.

सरांचं शास्त्र मला त्यांच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघताना कळलं.