खाणीच्या कडेचा उतार

नव्या टायरच्या रबराचा वास आला की मोशीच्या दगडखाणीच्या कडेची ती पायवाट आठवते. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची, म्हणून मी आणि कारखान्यात माझ्याच असेंब्ली लाईनवर काम करणारा एक मित्र सायकली घेऊन टेकडीवर गेलो होतो. चाकणची शिफ्ट गाठायला सोपं जावं म्हणून मी गुळगुळीत टायर बसवले होते. त्याचे जाड ग्रिपचे होते. उतरताना सुट्या मुरमावर माझं मागचं चाक सरकलं आणि सायकल कड्याकडे ओढली जाऊ लागली. खाली खाणीतलं हिरवं पाणी दिसलं. घरातला पहिला पदवीधर मी, आणि गावी आईला वाटत होतं की मी खोलीवर झोपलोय. "भावा, सायकल सोड! बाभळीत पड!" मागून मित्र ओरडला. मी काट्यांत पडलो, सायकल एकटीच पुढे गेली, आणि मग पाण्याचा आवाज आला. "टायर रस्त्याचे आन् हौस डोंगराची, राव!" तो म्हणाला आणि माझ्या दंडातले काटे काढू लागला. आज रावेतच्या सपाट डांबरी रस्त्यावरही मी जाड ग्रिपचेच टायर वापरतो. ते जड चालतात, सारखे घरघरतात. पण ती घरघर थांबली की मला अजून पाण्याचा तो आवाज ऐकू येतो.