पडद्यावरची निकाली कुस्ती

दहिवडीचे नाथाजी मोहिते कुस्तीच्या मैदानात माईक धरत. माण तालुक्यापासून सांगलीपर्यंत जत्रा कुठलीही असो, पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम सगळं त्यांच्या जिभेवर. कुणी ढाक लावली, कुणी घिस्सा ओढला, डाव कुठलाही असो, त्यांना पंचाच्या आधी दिसे. त्यांनी एकदा ‘चितपट’ म्हटलं की हलगी कडाडायची आणि विषय संपायचा. अशा माणसाला माधवनगरच्या एका मंडळानं व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत बोलायला बोलावलं. मंडळाचं म्हणणं, झुंज ती झुंज.

नाथाजी हरखून गेले, कारण फायनलला त्यांचीच लेक होती, संयोगिता. जन्मभर लोकांच्या पोरांची नावं पुकारली, एकदा आपल्या पोरीचं पुकारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती दार लावून काय खेळते हे त्यांनी कधी डोकावून बघितलं नव्हतं, आणि याची त्यांना मनातून लाज वाटे.

सुरुवातीलाच घोळ झाला.

“ह्यो शिंगवाला पैलवान कुठल्या गावचा?”

“राक्षस हाय त्यो, आबा. समोरच्या अश्फाकचा,” संयोगिता म्हणाली. “निळी चेटकीण माझी.”

“वस्ताद कोण तिचा?”

“आवं आबा, लोक ऐकत्यात!”

शिट्टी झाली. नाथाजींनी ‘सलामी झाली’ म्हणायला तोंड उघडलं आणि पडद्यावर दिवाळी पेटली. विजा, ठिणग्या, जांभळा धूर, त्यात हवेत उडणारे आकडे. कोण कुणाला मारतंय की ओवाळतंय, काही म्हणता काही कळेना.

“आरं, झुंज हाय का लग्नाची वरात?” ते माईकवरच कडाडले. “धरा की एकमेकाला! लांबनं काय फटाकडं उडवताय?”

तेवढ्यात धूर विरला. निळी चेटकीण उताणी पडली होती, दोन्ही खांदे जमिनीला. एवढं मात्र नाथाजींना नीट कळत होतं. पडली ती आपल्याच लेकीची, पण जीभ इमानी होती.

“चितपट! अश्फाक विजयी!”

हलगीवाला टपूनच बसला होता. पोरांनी अश्फाकला खुर्चीतून उचलून खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, गुलाल उधळला. त्या गडबडीत त्याच्या हातातला गेमचा रिमोट खाली पडला. इकडे चेटकीण सावकाश उठली. उताणं पडून ताकद भरून घेणं हा तिचा डावच होता. तिनं बिनधन्याच्या राक्षसाची राख केली आणि पडद्यावर संयोगिताचं नाव झळकलं. अश्फाक अजून खांद्यावरच होता.

पंचांनी संयोगिताला विजयी ठरवलं. ती ताडकन उठली.

“मोकळ्या खुर्चीला हरवून कोण जिंकतं व्हय? परत लावा.”

नाथाजींचा ऊर भरून आला आणि त्याच दमात धास्तीनं घामही फुटला. परत तीच आतषबाजी! शेवटी त्यांनी पडद्याला सरळ पाठ दाखवली आणि लेकीसमोर खुर्ची टाकून बसले.

“संयोगितानं ओठ चावला... डावा खांदा चढवला... हसली! डाव बसला मंडळी!”

“आबा, गप बसा.”

“आबा गप बसा, असं पैलवान म्हणत्यात!”

अख्खं सभागृह पडदा सोडून तिच्याकडं बघायला लागलं. मग तिचे अंगठे थांबले आणि चढवलेला खांदा खाली आला. नाथाजींनी मागं वळूनही बघितलं नाही.

“संयोगिता नाथाजी मोहिते, दहिवडी,” त्यांनी पुकारलं. “चितपट.”

“बरोबर,” तिनं रिमोट खाली ठेवला.

“आगं, पण हातातली कुस्ती गेली कशी?”

“तुमी पयल्यांदाच माझ्याकडं बघत हुता, आबा,” ती म्हणाली. “माझं ध्यानच लागंना.”

माईक चालू होता, त्यामुळं हे सगळ्यांनी ऐकलं.